तारापूर नेमके कोणते? वाटांच्या सामायिक वहीची गरज

बिल्टीवर 'तारापूर' एवढाच शब्द लिहिला, तर माल कोठे उतरवायचा? ज्याला हा मुलूख ठाऊक आहे तो हसून उलट विचारील, "कोणते तारापूर?" एक तारापूर म्हणजे खाडीकाठचे जुने गाव, जेथे किल्ला आहे. दुसरे म्हणजे १९६९ साली सुरू झालेले अणुऊर्जा केंद्र. तिसरे म्हणजे एमआयडीसीची औद्योगिक वसाहत, आणि ती तारापूर गावात नाहीच, बोईसरला लागून आहे. टपाल खात्याने हा फरक कधीच ओळखला. गावाचा पिन ४०१५०२, अणुकेंद्राचा ४०१५०४, वसाहतीचा ४०१५०६ आणि खुद्द बोईसरचा ४०१५०१. रेल्वेचा हिशेब आणखी निराळा. तिच्या लेखी तारापूर नावाचे स्टेशनच नाही, उतरायचे बोईसरला. मात्र भिवंडीहून किंवा वापीहून पहिल्यांदा येणारा ड्रायव्हर पिन वाचत नाही, नाव वाचतो. मग चिल्हार फाट्यावरून आत वळलेली गाडी वसाहत ओलांडून थेट खाडीच्या दिशेने निघते.

मोठ्या कारखान्याला याचा त्रास थोडा. त्याला फाटक आहे, मोठी पाटी आहे, वॉचमन आहे, आणि माल चुकला तर भुर्दंड सोसण्याची ऐपतही आहे. खरा त्रास भाड्याच्या गाळ्यात लेथ चालवणाऱ्याला, मोटार रिवाइंडिंगवाल्याला, फॅब्रिकेशनवाल्याला, पॅकिंगच्या लाकडी पेट्या ठोकणाऱ्याला आणि भंगारवाल्याला. आपले पुष्कळ बंधू याच धंद्यांत आहेत. त्यांचा पत्ता 'अमुक प्लॉटच्या मागे, चहाच्या टपरीशेजारी' असा असतो. टपरी हलली की पत्ताही हलला. टेम्पो खोळंबला की हॉल्टिंगचे पैसे कोणाच्या अंगावर येतात हे मी सांगायला नको. रात्री कारखान्यातील पंपाची मोटार जळाली, तर मेंटेनन्सवाला सर्वांत चांगल्या कारागिराला बोलावतो असे नाही. जो त्याला सापडतो त्याला तो बोलावतो.

एकाच शेडला आज किती नावे आहेत, ते पाहा. एमआयडीसी तिला अक्षर आणि आकडा देते : जे, एन, टी, डब्ल्यू आणि पुढे क्रमांक. महसूल खात्याकडे तिचा सर्व्हे नंबर आहे. आजूबाजूला सालवड, पामटेंभी, कुंभवली, कोळवडे अशी गावे असल्याने वसाहतीच्या कडेच्या गाळ्याला ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नंबर असतो. महावितरण ग्राहक क्रमांकाने ओळखते, टपालवाला पिनने. आणि रिक्षावाल्याला यांतले काहीच नको. त्याला मधुर नाका, खैराफाटक, चित्रालय, ओस्तवाल, नवापूर नाका एवढे सांगितले की पुरे. ही सगळी नावे आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण अशी की एक वही दुसरीला ओळखत नाही. 'हा प्लॉट म्हणजेच तो नाका आणि तोच तो सर्व्हे नंबर' असे सांगणारा कागद कोठेही नाही. जानेवारी २०२० मध्ये याच वसाहतीतील एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन ८ जणांचे प्राण गेले. अशा रात्री बाहेरगावाहून येणाऱ्या बंबाला आणि रुग्णवाहिकेला कोणत्या वहीतले नाव सांगायचे, हा प्रश्न केवळ व्यापाराचा राहत नाही.

पालघरलाही हेच. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. म्हणजे 'पालघर' हे शहर, तालुका आणि जिल्हा अशा तिघांचे नाव झाले. जुन्या बिलबुकांवर अजून 'जि. ठाणे' छापलेले सापडते. जिल्हा मुख्यालयाच्या नव्या इमारती २०२१ पासून कोळगावला आहेत, पण गावातील कचेरी रोडचे नाव तेच आहे. हुतात्मा चौक म्हणा की पाचबत्ती म्हणा, स्थानिक माणसाला दोन्ही कळतात, यंत्राला कळत नाहीत. महामार्गाचा क्रमांकसुद्धा ८ चा ४८ झाला.

आता कोणी म्हणेल की मोबाइलमध्ये नकाशा आहे, त्यात बोट दाबले की वाट दिसते, मग ही चिंता कशाला? नकाशा आहे हे खरे, आणि तो उपयोगी आहे हेही खरे. पण तो दुसऱ्याच्या मालकीचा आहे. त्यात काय दाखवायचे, कोणते नाव ठेवायचे, कोणते दुकान वर आणायचे हे मालक ठरवतो, आणि त्याचा धंदा जाहिरातीवर चालतो. आपण त्यात फुकट माहिती भरतो. उद्या तीच माहिती आपल्याला दुसरीकडे वापरायची म्हटली, तर ती उचलून नेता येत नाही. म्हणजे वही आपली, अक्षर आपले, पण कपाटाची किल्ली परक्याकडे.

खरे ज्ञान कोठे आहे? ते शेअर रिक्षा चालवणाऱ्याच्या, टेम्पोवाल्याच्या, पोस्टमनच्या आणि गॅस सिलिंडर पोहोचवणाऱ्याच्या डोक्यात आहे. पावसाळ्यात कोणत्या गल्लीत गुडघाभर पाणी साचते, कोठून मोठी गाडी वळत नाही, कोणत्या कारखान्याचे मालाचे फाटक मागच्या बाजूला आहे, हे त्यांना पाठ असते. तो माणूस गावी गेला किंवा अल्लाहला प्यारा झाला, की ती माहितीही त्याच्याबरोबर जाते.

आपल्याच किनाऱ्यावर पूर्वी असे होऊ दिले जात नसे. अरबी समुद्रातील गलबतांचे मालिम आपल्याजवळ 'रहमानी' बाळगत. हा शब्द फारसी 'राहनामा'वरून आला, म्हणजे वाटेचे पुस्तक. कोणत्या ताऱ्याच्या उंचीवर कोणते बंदर, कोठे खडक, कोणत्या महिन्यात कोणता वारा, हे त्यात लिहिलेले असे. पंधराव्या शतकात इब्न माजिदने या विद्येवर मोठे ग्रंथ लिहिले. लक्षद्वीपच्या मालमींकडे तर अशा वह्या अगदी अलीकडेपर्यंत होत्या. कोकणी मुसलमानांत आजही 'नाखुदा' हे आडनाव आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी समुद्राची वाट लिहून ठेवली, त्यांच्या वंशजांनी बोईसरच्या गल्लीची वाट लिहू नये, याला काय म्हणावे?

सामायिक माहितीचा आराखडा म्हणजे काय, हे समजायला संगणकाचे शिक्षण लागत नाही. आपण कोणत्या वस्तूला काय म्हणायचे, एका नावाचे दुसऱ्या नावाशी नाते काय, आणि कोणती गोष्ट कोणत्या खान्यात लिहायची, याविषयी आधी केलेला करार म्हणजे आराखडा. पिन कोड हा असाच करार. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या भाषा आणि लिप्या, चुकीचे पत्ते यांवर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. गावांची नावे त्यांनी बदलली नाहीत, फक्त प्रत्येक टपाल कार्यालयाला सर्वांना मान्य अशी एक खूण दिली. दुसरे उदाहरण गल्ल्यावरच चिकटवलेले आहे. २०१६ साली यूपीआय आले. गिऱ्हाइकाची बँक वेगळी, तुमची वेगळी, फोनमधले अ‍ॅप तिसऱ्याचे, तरी पैसे पोहोचतात, कारण सर्वांनी एकच रीत मानली. पैशाला जमले ते पत्त्याला का जमू नये?

टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी 'डिजिपिन' आणला. साऱ्या देशाचे सुमारे चार मीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांची खूण दिली आहे. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राचा त्यात सहभाग आहे. आपल्या दुकानाचा डिजिपिन काढून बिलावर छापावा, असा माझा प्रत्येक व्यापाऱ्याला आग्रह आहे. त्याला खर्च नाही. पण त्याची मर्यादाही ओळखावी. तळमजल्यावरचा गाळा आणि त्यावरचा गाळा यांचा डिजिपिन एकच येतो. फाटक कोणत्या रस्त्याला उघडते, तेथे ट्रक वळतो की नाही, हे तो सांगत नाही.

त्यासाठी उघडी वही लागते. अशी एक जगात आहे. 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाने ती २००४ साली इंग्लंडात सुरू झाली. तीत कोणीही लिहू शकतो, कोणीही उतरवून घेऊ शकतो, फक्त वहीचे नाव सांगावे लागते. एका जागेची अनेक नावे तीत मावतात : मराठी, इंग्रजी, जुने आणि लोकांच्या तोंडचे. म्हणजे हुतात्मा चौक आणि पाचबत्ती यांपैकी एकाला हाकलावे लागत नाही. रस्ता डांबरी की मातीचा, एकेरी की दुहेरी, किती उंचीची गाडी जाते, हेही लिहिता येते. कोणी काय लिहिले आणि केव्हा खोडले, याची नोंद राहते. मोठ्या कंपन्यांनाही या रीतीचे महत्त्व कळले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी एकत्र येऊन 'ओव्हरचर' नावाची सामायिक नकाशाची संस्था काढली, आणि तिच्या रस्त्यांच्या नोंदींचा मोठा आधार हीच उघडी वही आहे. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे हे सावकार नकाशापुरते एका सतरंजीवर बसले. आपल्याकडे समोरासमोरच्या दोन गॅरेजवाल्यांना एक टेम्पो वाटून घेणे जमत नाही. असो.

बाहेरून आलेला आराखडा जसाच्या तसा येथे बसणार नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या आराखड्यात बस आहे, बसथांबा आहे, वेळापत्रक आहे. बोईसर स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा कोणत्या खान्यात घालायची? ती ठरल्या वेळी सुटत नाही, भरली की सुटते. तिला थांबा नाही, पण रांग आहे. भाडे सीटवर आहे. पाळी सुटायच्या वेळी तिचा मार्ग वेगळा आणि दुपारी वेगळा. केनियात नैरोबी शहराला हाच प्रश्न पडला होता. तेथील वाहतूक 'मटाटू' नावाच्या खासगी मिनीबसवर चालते, आणि त्यांचे मार्ग कोणत्याही कागदावर नव्हते. नैरोबी विद्यापीठातील विद्यार्थी मोबाइल घेऊन त्या गाड्यांतून हिंडले. अमेरिकेतील एमआयटी व कोलंबिया विद्यापीठांच्या मदतीने त्यांनी शंभरावर मार्ग टिपले. बसच्या वेळापत्रकासाठी जगभर जी रीत वापरतात, ती मटाटूसाठी वळवून घ्यावी लागली. २०१४ साली नकाशा प्रसिद्ध झाला आणि माहिती सर्वांना खुली केली. पुढल्या वर्षी गूगलने तीच माहिती आपल्या नकाशात घेतली. हा क्रम ध्यानात घ्या. आधी माहिती लोकांची झाली, मग कंपनीने घेतली.

बंगळुरूत नोव्हेंबर २०२२ पासून 'नम्म यात्री' चालू आहे. सुरुवातीला ऑटोचालकांच्या संघटनेच्या पाठिंब्याने, खुल्या रीतीवर. फेरीमागे टक्केवारी न कापता चालकाकडून दिवसाला थोडी ठराविक रक्कम घेण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. आपल्या रिक्षाचालक बंधूंनी त्याचा अभ्यास करावा. बाहेरची कंपनी येऊन टक्केवारी ठरवण्याआधी तो केलेला बरा.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते खोटे नाहीत.

पहिला आक्षेप पोटाचा. वाट माहीत असणे हीच ज्याची कमाई, त्याने ती फुकट का लिहून द्यावी? दलालाचे नुकसान होईल, हे मान्य. पण रिक्षावाल्याची कमाई वाट सांगण्यावर नसून नेण्यावर आहे, आणि पत्ता सापडू लागला की नेणे वाढते. ज्यांनी माहिती दिली त्यांच्या संघटनेला या वहीच्या देखरेखीचा मान आणि मानधन मिळावे, ही मागणी मात्र रास्त आहे.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात सांगितला जातो, म्हणून मी तो उघड लिहितो. नकाशावर दुकान लावले की कोणाचे दुकान आहे हे दिसते, आणि सध्याच्या दिवसांत कोणी यादी करून बहिष्काराची हाक दिली तर? जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांनी मालकाचे नाव लावावे असे फर्मान निघाले होते. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी त्याला अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणत्या प्रकारचे हे लिहायला सांगता येईल, माणसाचे नाव लिहिण्याची सक्ती नको, असा त्याचा आशय होता. आपल्या वहीचा नियमही तोच असावा. लिहायचे ते काम : 'मोटार रिवाइंडिंग', 'बेकरी', 'रेडिएटर दुरुस्ती', 'सुतारकाम'. मालकाचे नाव, फोन, जात-धर्म यांना खानाच ठेवायचा नाही. दुकानाचे नाव लावायचे की नाही हे दुकानदार ठरवील. घरात शिवणकाम करणाऱ्या भगिनींचे घर तर मुळीच दाखवू नये, जवळचा नाका पुरे. चिंचणी-तारापूर भागात दागिन्यांच्या डाय बनवणारे कारागीर घराघरांतून आहेत. त्यांचे काम सोनारांशी जोडलेले असल्याने त्यांतील काहींना पाटी नको असेल. त्यांचा तो हक्क आहे.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नव्हे, सावधगिरीची. शेजारी अणुऊर्जा केंद्र आहे. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नकाशांविषयीचे नियम पुष्कळ सैल केले आणि बहुतेक परवानग्या काढून टाकल्या. पण संवेदनशील जागांच्या काही तपशिलांवर बंधन आहे. कुंपणाच्या आतले काहीही लिहू नये, काढू नये, फोटो घेऊ नये. बाहेरचा सार्वजनिक रस्ता आणि गावातील दुकाने एवढेच आपले काम. कोणत्याही तरुणाला हातात मोबाइल देऊन पाठवण्याआधी हे बजावून सांगावे, आणि सोबत संघटनेचे पत्र द्यावे.

हे सगळे आताच का? कारण वाटा बदलत आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खर्च ७६ हजार कोटींच्या घरात सांगितला जातो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्टेशन बोईसरला आहे. मालगाड्यांचा वेगळा लोहमार्ग याच पट्ट्यातून जातो, आणि त्याच्यापायी फाटकांच्या जागी उड्डाणपूल आले. म्हणजे 'फाटक' नावाचा नाका राहील आणि फाटक नसेल. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, तेव्हा बाहेरचा माणूस पायी स्टेशनबाहेर आला आणि त्याने रिक्षावाल्याला वाट विचारली. बंदराचा ठेकेदार कोणाला विचारणार नाही. तो मुंबईत बसून पडद्यावर वेल्डर, क्रेन, सुतार शोधील, आणि पडद्यावर ज्याचे नाव आहे त्यालाच काम देईल.

सरकारकडूनही काही मागितले पाहिजे. एमआयडीसीने प्लॉट, रस्ते आणि फाटके यांची यादी संगणकाला वाचता येईल अशा रूपात खुली करावी. एसटीने पालघर, बोईसर, सफाळे, डहाणू या आगारांची वेळापत्रके तशीच द्यावीत. ग्रामपंचायतींनी रस्त्यांची नावे ठराव करून कळवावीत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे कार्यालयांनी बरीच माहिती आपण होऊन प्रसिद्ध करायची असते. हे कलम दाखवून अर्ज करायला वकील लागत नाही.

रस्त्यातील काटा बाजूला करणे हाही सदका आहे, असे आपण मानतो. उन्हाळ्यात मोहल्ल्यात सबील लावतो, तेथे पाणी पिणाऱ्याची ओळख कोणी विचारत नाही. ही वही त्याच जातीची आहे. म्हणून ती फक्त आपल्या जमातीची करू नये. रिक्षा संघटना, व्यापारी मंडळ, वसाहतीतील छोटे कारखानदार, मच्छीमार सोसायट्या, सर्वांना पहिल्या दिवसापासून बसवावे.

सुरुवात नावांपासून करावी, मोबाइलपासून नव्हे. एखाद्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर दहा-पंधरा जणांनी बसावे. त्यांत दोन रिक्षावाले, एक टेम्पोवाला, निवृत्त पोस्टमन मिळाला तर उत्तम, आणि कॉलेजात जाणारी चार मुलेमुली असावीत. साध्या वहीत तीन रकाने पाडावेत : लोक काय म्हणतात, सरकारी नाव काय, जवळची पक्की खूण कोणती. नवापूर नाक्यापासून वसाहतीच्या टोकापर्यंतचा एकच रस्ता घ्यावा. पुढच्या आठवड्यात मुलांनी तो चालून तपासावा आणि मगच उघड्या नकाशात चढवावा. प्रत्येक नोंदीपुढे तारीख हवी. पावसाळ्यानंतर एकदा आणि ईदच्या गर्दीआधी एकदा तीच वाट पुन्हा चालावी लागेल. ते कंटाळवाणे काम कोणाच्या गळ्यात घालायचे, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावे.